न वाजलेलं चिंतन

चंदीगड,
१८ फेब्रुवारी १९९१

ती. कांचनताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं, तिळाच्या वड्याही पोचल्या. निम्म्यांचा चुरा झाला होता, तो चित्राने चमच्याने खाल्ला. तिच्याशी मराठीत बोललं की ती हिंदीत उत्तर देते, आता मी रागवायचं सोडून दिलंय. थंडी ओसरतेय. बाजार मात्र अंधार पडायच्या आत बंद होतात, आणि बसमधून उतरवून माणसं मारल्याच्या बातम्या थांबत नाहीत. तू पेपरात वाचतेसच. आम्ही तिघं सुखरूप आहोत.

तू विचारलंयस, रेडिओचं काम सोडल्यावर जिवाला स्वस्थता आहे ना. त्याचंच सांगते.

माझा कार्यक्रम मिरजेपर्यंत येत नाही, त्यामुळे तू तो कधी ऐकला नाहीस. नाव ‘भोर’, म्हणजे पहाट. रोज सकाळी एक पाहुणा. कधी सिनेमातला विनोदी नट, कधी हॉकीपटू. त्याच्याशी गप्पा, मध्ये गाणी आणि शेवटी माझं पाच मिनिटांचं चिंतन. पहाटे गाडी पाठवणं धोक्याचं झालं तेव्हापासून सगळं आदल्या दुपारी टेप करत असू. पाहुणा जास्त बोलला की कात्री माझ्या चिंतनाला. नटाला कोण कापणार? देवाचं नाव कापलं तर तो तक्रार करत नाही.

चिंतन लिहून झालं की मी ते स्वयंपाकघरात श्रीपादला वाचून दाखवायची. तो मटार सोलता सोलता ऐकायचा. सकाळी लॅबमध्ये रेडिओ लावून पुन्हा ऐकतो, म्हणायचा. सेक्टर तीसमधल्या त्या लॅबमधले सगळे माझं ऐकतात या आनंदात मी दोन वर्षं होते.

जानेवारीत एका दुपारी घरी फोन आला. पुरुषाचा आवाज, पंजाबी. कर्फ्यूत भिंतीवरून दुधाची पातेली देणाऱ्या शेजारणीची गोष्ट आज सकाळी रेडिओवर सांगितलीस, पुन्हा तिथे दिसलीस तर मुलीला शाळेतून आणायला जायची गरज उरणार नाही, असं म्हणाला. विचार कुठला सुचतोय अशा वेळी! चित्राला शाळेतून आणलं, दार लावून घेतलं आणि प्रोड्यूसर हरजीत मॅडमना फोनवर सांगून टाकलं की मी येणार नाही. श्रीपादने मला जवळ घेतलं. रडू दिलं. त्या रात्री तुझाही फोन आला आणि तूही म्हणालीस, बरं केलंस.

परवा हरजीत मॅडम घरी आल्या. पोलिसांना सांगायचं होतं म्हणून फोनवरचा शब्द न् शब्द विचारला. मी पातेल्यांचं सांगितलं तशा त्या म्हणाल्या,

“विनयाजी, वो तो हमने बजाया ही नहीं था.”

खरंच की. त्या दिवशी पाहुण्या एक म्हाताऱ्या गायिका होत्या. बोलता बोलता रडल्या, आणि माझं चिंतन काढून त्यांची आणखी एक ठुमरी लावली होती. टेप करतानाच ठरलं होतं ते. मी रुसून घरी आले आणि श्रीपादला काही बोलले नव्हते.

मॅडमच्या मनात लगेच श्यामसुंदर आला. टेप जोडणारा, साधा माणूस. काढलेला तुकडा त्याच्या कपाटात होता. त्याने तो कोणाला तरी ऐकवला असणार, आतल्या माणसाशिवाय हे कळणारच नाही, असं त्या म्हणाल्या. त्याचं नाव त्या उद्या दुपारी पोलिसांना देणार आहेत. ताई, या दिवसांत इथे पोलिसांकडे नाव जाणं म्हणजे काय, हे मिरजेत बसून नाही कळायचं.

पण तो तुकडा आणखी एका माणसाने ऐकला होता. मटार सोलताना.

मी श्रीपादला सरळ विचारलं. आधी चिडला, मग खाली बसला. फोन कोणाकडून करवला ते सांगत नाही. सांगितलं तर त्या माणसाला पोलीस उचलून नेतील, म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण मला लागलं ते वेगळंच. त्याने त्या सकाळी रेडिओ लावला असता तर ही चूक झालीच नसती. दोन वर्षांत त्याने एकदाही लावला नव्हता.

“तुझ्या काळजीने केलं,” म्हणाला. “आणि ही कल्पना माझी नाही. तुझ्या ताईला विचार.”

ताई, मी विचारत नाही. तो सगळं बोलला. समजावून ती ऐकायची नाही, एकदा चांगली घाबरली की आपोआप घरी बसेल, हे तू त्याला लॅबच्या फोनवर सांगितलंस. आई गेल्यावर माझ्या वेण्या तू घातल्यास. सांगली केंद्रावर आवाजाच्या चाचणीला मला हाताला धरून तूच नेलंस. मी दचकून किती घाबरते, हे तुझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि तेच तू त्याला दिलंस. मला फार राग आलाय. रागापेक्षा लाज वाटते, की त्या रात्री फोनवर मी तुझ्याशी रडले.

भीती तर खरी होतीच गं. ती मी रोज पदराला बांधूनच घराबाहेर पडत होते. आता उद्या खरंच कोणी फोन केला, तर मी कोणावर विश्वास ठेवू?

उद्या सकाळी मी हरजीत मॅडमकडे जाते आहे. श्रीपाद आला तर त्याच्यासह, नाही तर एकटी. श्यामसुंदरचं नाव कुठे जायच्या आत हे सांगून टाकायला हवं. फोन करणारा मला माहीत नाही, त्यामुळे त्याचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही. माझ्या नवऱ्याचं निघेल. मग मॅडम विचारतीलच, असलं काही त्याला सुचवलं कोणी?

मी सांगणार आहे, माझ्या आईच्या जागी जी आहे, तिने.

विनया