जाड तेल की पातळ

अहो,

मामंजींची मोटार सुरू करू नका. मिस्त्रीनं सकाळी इंजिनातलं जुनं तेल काढलं, नवं अजून घातलेलं नाही.

जाताना तुम्ही सांगितलंत, जुनं इंजिन आहे, जाड चाळीस नंबरचं घालायला सांग, जास्त वर्षं टिकेल. तुमच्या पाठोपाठ मोठे भावजी आले. ते म्हणाले, थंडीत जाड तेल वर चढत नाही, पातळ वीस नंबरचं घालायला सांग, जास्त वर्षं टिकेल. दोघंही वकील, मी खरं कुणाचं मानू? मिस्त्री दोन्ही डबे पुढ्यात ठेवून विचारत राहिला, "अम्मा, कौनसा डालूं, बोलो." मी म्हटलं, अर्धं-अर्धं घाल. त्यानं कानाला हात लावले. शेवटी त्याला परत धाडलं.

मामंजी गेल्यापासून तुम्हा भावाभावांचे निरोप मीच इकडचे तिकडे करते आहे. आता माझं डोकं चालत नाही. टांग्यानं नारायणगुड्याला माहेरी, माईकडे जाते. मोटारीची किल्ली माझ्याजवळ आहे. ती न्यायला दोघांनी मिळून यावं, तेही पायी. एवढ्या वाटेत काहीतरी बोलालच.

— वासंती