बसऱ्याच्या कार्डातलं नाव

पिरंगुट, ९ फेब्रुवारी १९७८

शेजारच्या सोनाआजीचे वडील पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले ते परतलेच नाहीत. त्यांचं एकच कार्ड तिच्याकडे आहे. कुणी शिकलेला दिसला की त्याच्याकडून ती ते वाचून घेते. आज माझी पाळी. त्यात दोनच ओळी : मी खुशाल आहे, इकडे थंडी फार. मला ते कोरडं वाटलं. लेखक ना मी! वाचता वाचता पुढे मनचं जोडलं, 'सोनीची लई आठवण येते.'

आजी म्हणाली, "साठ वर्सं मुडद्यांनी माजं नाव गाळलं व्हय रं? कुटं हाय, दाव."

मी तिचं बोट 'थंडी'वर टेकवलं. का? तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. ती बोट उचलेचना.

"उद्या भरे गावातनं माज्या थोरल्या भनीला आणते. तिचंबी नाव असंल त्यात."

"असंल की," म्हणालो मी.