दंडावरच्या फिती

दादा,

महिन्यातले दोन दिवस आपण राखीव तुकडीत जायचो. तिथं मी हवालदार आणि तू माझ्या हाताखालचा ड्रायव्हर. वहिनी हसायची, "बरं झालं, यांना दटावणारं कुणीतरी आहे!" बाकीचे दिवस गॅरेज तुझं आणि शब्दही तुझाच.

पुराच्या ड्युटीवर मी म्हणालो, "ट्रक पुलावर घालायचा नाही." तू खेकसलास, "गप रे, तुला काय कळतंय!" आणि दंडावर हवालदाराच्या फिती असूनही मी गप्प बसलो, गॅरेजात बसतो तसाच. ट्रक कलंडला. मागे आपल्या तुकडीतली माणसं होती; त्यातल्या आपल्या गल्लीतल्या न्हाव्याचा पाय गेला.

चौकशीत तू मान खाली घालून म्हणालास, "हवालदारसाहेबांनी घाल म्हटलं. मी त्यांचं ऐकलं." मग साहेबांनी मला विचारलं. चारचौघांत तुला खोटं पाडायला माझी जीभ रेटली नाही. फिती गेल्या. आईला सांगितलं, धुताना उसवल्या.

न्हाव्याची बायको आता मला बघून दार लावते. तुला मात्र चहा विचारते.

हे पत्र तुझ्या टेबलावर ठेवायची माझी छाती होणार नाही, ठाऊक आहे. उभ्या जन्मात तू माझं एकदाच ऐकलंस, दादा. तेही चौकशीच्या कागदावर.

तुझाच,
धाकटा