भाडं कमी आहे हे खरं

पोर्ट हॅलम
१४ जून, शुक्रवार

प्रिय ग्लेन्डा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. गुडघ्याचं दुखणं कमी झालं हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. चार दिवस दक्षिणेचा वारा सुटलाय, दोरीवरचे कपडे पलीकडच्या गल्लीतून गोळा करून आणते. फोन न करता लिहितेय, कारण तुझा आवाज ऐकला की मी उगाच गोड बोलते.

तू विचारलंस, खरंच एवढं स्वस्त आहे का तिथे? पेपरात आलं म्हणे, समुद्रकाठचं सगळ्यात स्वस्त गाव. छापणाऱ्याला इथे एक हिवाळा काढायला लावला पाहिजे. भाडं कमी आहे हे खरं, ॲडलेडच्या निम्म्याहून कमी. पण डॉक्टर फक्त मंगळवारी येतो, दात दुखला तर दीडशे किलोमीटर जा, आणि पेट्रोल तुमच्यापेक्षा महाग. लेट्यूसचा गड्डा ट्रकमधून येईपर्यंत माझ्यासारखा दिसायला लागतो, वर त्याचे सहा डॉलर.

मग मी पेन्शनवर कसं भागवते? दुकानातून आणते त्याहून जास्त दारावर येतं म्हणून. मी लिंबं देते, पलीकडची डेस्पिना अंडी देते आणि शेजारचा नेव्हिल मासे. सकाळी होडी लावून आला की साफ केलेल्या व्हायटिंग माशांची पिशवी माझ्या दाराच्या कडीला अडकवून जातो. त्याची बायको गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं. मी त्याच्या शर्टांची बटणं लावते, वाढदिवसाला केक करते. पैशाचं कुणी नाव काढत नाही. एवढंच.

एवढंच, असं मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं. जानेवारीत तू पंधरा दिवस राहून गेलीस तोपर्यंत.

पहिल्याच दिवशी तू त्याला पिशवीचे वीस डॉलर द्यायला गेलीस. मी मनातून खूश झाले. म्हटलं, आता हिची फजिती होणार. इथे माशांचे पैसे पुढे केले की माणूस आठवडाभर बोलत नाही. तो हसला. नऊ वर्षांत त्याला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. "पैसे ठेव, उद्या होडीवर ये आणि स्वतःच पकड," म्हणाला. मला त्याने कधी होडीवर बोलावलं नाही. मला बोट लागते हे त्याला माहीत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. कसं माहीत असेल? मी कधी सांगितलेलंच नाही.

तू होतीस तोवर पिशवी दुप्पट जड होती. तू गेलीस आणि ती पुन्हा एका माणसापुरती झाली. हल्ली तो दारात थांबतो, आणि विचारतो काय, तर "काय गं रेलीन, मैत्रीण कधी येतेय तुझी?"

माझ्या पोटात दुखतं, ग्लेन्डा. पासष्टाव्या वर्षी हे लिहायची लाज वाटते, पण दुखतं. तुझे दोन संसार झाले, मुलं झाली, नातवंडं झाली. माझ्याकडे सकाळची ती पाच मिनिटं होती, आणि तीही तुझ्याकडे चालली.

आता खरं सांगते. इकडेच राहायला यायचंय, तीन दारं पलीकडचं डेस्पिनाचं भाड्याचं घर पाहून ये, असं तू कळवलं होतंस. भिंतींना ओल आहे, असं मी लिहिलं. ओल नाही. घर खडखडीत कोरडं आहे, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. शिवाय मी डेस्पिनाला जाऊन सांगितलं की तुझा बेत रद्द झाला.

काल तिथून जात होते, तर नेव्हिल त्या रिकाम्या घराच्या दाराला नवी जाळी ठोकत बसलेला. "डेस्पिना म्हणते ती येणार नाही," मला म्हणाला. "पण मला वाटतं, येईल. मागच्या वेळी डासांनी फोडून काढलं होतं बिचारीला."

माझ्या दाराची जाळी तीन वर्षं फाटलेली आहे. त्याच दाराला तो रोज पिशवी अडकवतो.

मग म्हणाला, "जरा हे टोक धरतेस?" मी धरलं. शेवटचा खिळा बसेपर्यंत धरून उभी राहिले. तिथून थेट डेस्पिनाकडे गेले आणि मी खोटं बोलले होते ते सांगून टाकलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "तो आंधळा आहे तर तू तोंड उघडायचंस ना. नऊ वर्षं कमी पडली?"

मी विचारलं, घर अजून किती दिवस रिकामं ठेवशील? विषय बदलणं मला चांगलं जमतं.

पुढच्या शनिवारपर्यंत ती घर दुसऱ्या कुणाला देणार नाही. तिला तूच फोन कर, मधे मला घालू नकोस. बसवर तुला घ्यायला तो येईल, तसं मी त्याला सांगेन. मी यायची नाही. आणि आलीस की निदान उन्हाळ्यापर्यंत तरी माझ्याकडून मायेची अपेक्षा ठेवू नकोस.

तुझी मैत्रीण आणि त्याची शेजारीण,
रेलीन