चांदीचा चीक आणि जाऊबाईंचा डबा

१४ नोव्हें., सका.
चांदी पहाटे व्याली. कालवड! कपाळावर पांढरी टिकली, म्हणून नावही टिकलीच. पाय तुरीच्या काड्या. नाळेला आयोडीन लावलं, गोणपाटानं अंग पुसलं. जीव एवढासा, पण डोळे टक्क उघडे.
तेवढ्यात शेजारून थोरल्या जाऊबाई डबा घेऊन हजर. खरवसाला चीक पाहिजे. वरून, "सुमन, जार पडल्याबिगर वासराले तोंड लावू देऊ नको. जार अटकते."
मागच्या साली हेच ऐकलं. जार, म्हणजे वार, पडायची वाट पाहत सांज केली, चीक आळीत वाटला. खरवस सगळ्यांनी वाखाणला. वासरू चौथ्या दिवशी गेलं. गुरांचे डॉक्टर मग म्हणाले, घंट्या-दोन घंट्यात चीक पोटात गेला तरच वासरात रोगाशी झुंजायची ताकद येते.
औंदा नाही. जाऊबाईंच्याच डब्यात चीक पिळला, बोट चोखवत पाजला. डबाभर. जार लोंबू दे लोंबायची तर.

तोच दिवस, सं.
"माह्या डब्यात वासराले पाजलं?"
म्हटलं, "बाई, पहिला मान लेकराचा. तुमाले दात आहेत, भाकर खा."
आमचे हे हसू दाबत गोठ्याबाहेर.
जार दिवेलागणीला पडली. जाऊबाई : "पडलीच असती." बरं.

१६ नोव्हें.
टिकलीला पांढरी हगवण. चूक माझी. काल लाडात येऊन तीनदा पोट तट्ट होईस्तोवर पाजलं. मायेला पूर आणि अकलेचा दुष्काळ.
जाऊबाई दारातून, "पाह्य, चीक बाधला. दूध तोड आता." आमचे हेही म्हणाले, "दोन दिवस तोडून तर पाहू."
चीक नाही बाधला, माझी हावरी माया बाधली. दूध तोडणार नाही. थोडं थोडं, चार वेळा. मधे गूळ-मिठाचं कोमट पाणी. खाली अंथरायला कोरडं कुटार, भुसा. डॉक्टरांना फोन केला. उद्या येतो म्हणाले.

१७ नोव्हें.
चौथा दिवस.
डॉक्टर औषध देऊन गेले. दूध चालूच ठेवा म्हणाले. मी यांच्याकडे पाहिलं. हे वर आढ्याकडे.
टिकली दुपारपर्यंत उठली नाही. कान गार. मागच्याचेही असेच... नाही. ते लिहीत नाही.
सांजेला जाऊबाई डबा न्यायला आल्या. टिकलीचं थोबाड डब्यातच होतं. बसल्या बसल्या पीत होती, हळू, पण स्वतःहून. जाऊबाई तिच्याजवळ खाली टेकल्या. मग हळूच, "मागच्या साली मीच म्हटलं होतं ना तुले, थांब म्हणून?"
म्हटलं, "डबा धुऊन देतो."
"राहू दे. दुसरा आहे माह्याजवळ."
हगवण अजून आहे. पायावर उभी नाही. हे म्हणतात, जास्त जीव लावू नको. लावला, आता काय करता?
दिवस मावळला. टिकली आहे. कोणी काही म्हणो, सकाळची पहिली धार तिचीच.