जिन्यात अडकलेला पलंग आणि दोन मामा

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

काष्टी, ता. श्रीगोंदा
रविवार

सौ. वैजयंता .............. यांस,

अंगदचा उभ्यानंच नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण पायाला सूज आहे.)

तुमच्या नावापुढची जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे, शाई संपली असं समजू नये. तुम्हाला काय म्हणावं यावर आमच्या घरात सकाळपासून वाद चालू आहे. 'वहिनी' म्हणावं तर दाजी माझे भाऊ नव्हेत. 'मावशी' म्हणावं तर तुम्ही माझ्याहून थोड्याशाच मोठ्या, उगाच राग यायचा. 'मॅडम' लिहून पाहिलं तर आईनं चुलीपुढून न उठता फुंकणी फेकून मारली. राहता राहिला एक शब्द. तो मी जन्मात एकाच माणसाला वापरला. ते माणूस म्हणजे समर्थ आणि संस्कृतीची आई, माझी थोरली बहीण सविता. काविळीचं निमित्त झालं आणि ती गेली, तेव्हा तो शब्दही तिच्याबरोबर गेला अशी माझी समजूत आहे. म्हणून जागा मोकळीच बरी.

तुम्ही, दाजी आणि दोन्ही पोरं (तुमची म्हणू की आमची, हा दुसरा वाद) सुखरूप असाल अशी आशा आहे. दाजींचा गुडघा कसा आहे ते कळवावं. इकडं आई ठीक, आप्पा ठीक, म्हैस ठीक. मी ठीक नाही, पण त्याचं कारण पुढं येईल आणि त्यात तुमच्या बंधूंचा हात आहे. खरं तर हे सगळं फोनवरच बोलायचं, पण दाजींनी माझा नंबर ब्लॉक केलाय. तुमचा नंबर मागितला तर आप्पा म्हणाले, "तोंडानं तुला नीट बोलता येत न्हाई. लिहून बघ. लिहिताना मानूस जरा दम खातंय." लिहिता मला बरं येतं. कॉलेज अर्ध्यात सोडलं तरी तेवढं आलं. (सोडलं त्याचं कारण असं, की एका मुलीला रोज गाडीवर आणून सोडणाऱ्या पोराला मी गेटवर धरून बुकललं, आणि तो तिचा सख्खा भाऊ निघाला. प्राचार्य म्हणाले, वडलांना घेऊन ये, नाहीतर येऊ नको. मी दुसरं केलं.)

एक आधीच सांगून टाकतो. मला तुमच्याकडं काही मागायचं नाही. पोरं बापाकडं गेली, बरं झालं. त्या दिवशी तुमच्या घरून चहा न घेता, न सांगता का निघालो, तेवढंच कळवायचं आहे.

टेम्पो भरतानाच सगळं बिनसलं. सविता गेल्यावर दाजींनी सुप्यातली खोली सोडली, पोरांसकट सगळा संसार आमच्याकडं आणून ठेवला आणि स्वतः कंपनीतल्या पोरांत जाऊन राहिले, हे तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा संस्कृती नुकती बसायला लागली होती. आता ती घरात दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. तर तुमचं-दाजींचं लग्न झालं, म्हणून तो संसार आता परत न्यायचा होता. आईनं एकेक डबा टेम्पोत ठेवला, परत काढला, उघडून बघितला, परत ठेवला. टेम्पोवाला कंटाळून म्हणाला, "मावशी, असंच चाललं तर सुप्याला पोचूस्तवर ही बारकी लग्नाची व्हईल." आई हसली आणि हसता हसताच पदर तोंडाला लावून आत गेली. ती सगळी भांडी सविताच्याच लग्नातली, त्याला काय माहीत! आप्पा गोठ्यात जाऊन म्हशीला धुवायला लागले. तिला सकाळीच धुतलं होतं. मी हाका मारल्या तर म्हणाले, "हिला एकटीला टाकून कसा येऊ?" (ही म्हैस आजवर एकटी तीन-चार गावं हिंडून आलेली आहे.) त्यात समर्थ करडाशिवाय टेम्पोत चढेना. त्याला समजावलं, दटावलं, शेवटी करडू चढवलं. तुमच्या दाराला तोरण बांधायला म्हणून आईनं आंब्याची डहाळी दिली होती, ती करडानं गाव सुटायच्या आत खायला घेतली. तोरण का नव्हतं, हा प्रश्न तुमच्या शेजारणीनं तीनदा विचारला. उत्तर हे असं.

संस्कृती माझ्या मांडीवर ओकून झोपली होती. बेलवंडी मागं पडली तसं समर्थनं विचारलं, "मामा, तिथं कोन हाय?"

"पप्पा हायत."

"आनि?"

"नळाला पानी हाय."

"आनि?"

"फॅन हाय."

असं करत करत मी तुमच्या घरातल्या सगळ्या वस्तू सांगितल्या, न पाहिलेला फ्रीजसुद्धा सांगितला. तुम्ही तेवढ्या राहिलात. तोंडातून निघेचना. मग तोच म्हणाला, "आजी म्हनली, आई हाय," आणि पुढचं काहीतरी करडाच्या कानात सांगायला लागला. करडानं ते ऐकून घेतलं आणि उरलेली डहाळी संपवली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. डोळ्यात धूळ लई जाते त्या रस्त्याला.

आता खरं लिहितो. रस्ताभर मी तुमच्याशी भांडायची तयारी करत होतो. मनात तुमची चार वाक्यं, माझी चाळीस. तुम्ही पोरीकडं वाकडं बघणार, नाक मुरडणार, मग मी सुरू होणार आणि दोघांना उचलून त्याच टेम्पोनं माघारी येणार, असं सगळं ठरलेलं होतं. उतरलो तर तुम्ही दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. तुम्ही तुकडा ओवाळायला लागलात. संस्कृती माझ्या कडेवर, झोपेतून उठलेली, पोट रिकामं. तिनं तुमच्या हातातला तुकडा हिसकला आणि तोंडात घातला. ओवाळून टाकायचा तुकडा! शेजारीण किंचाळली, "अगं बया, दृष्ट खाल्ली पोरीनं!" तुमचे बंधू हनुमंतराव "थुक, थुक" म्हणत पुढं आले. मी बाह्या वर केल्या. म्हटलं, आता ह्या बोलणार.

आणि तुम्ही मटकन उंबऱ्यावर बसलात. "भूक लागली व्हय गं माझ्या बायला?" एवढंच म्हणालात. आतून अख्खी भाकरी आणि गूळ आणलात. पुन्हा तुकडा मोडून ओवाळलात, तोही तिनं खाल्ला. मग तुम्ही एक तुकडा तिच्या हातात दिलात आणि तिचं तोंड भरलेलं असताना दुसरा गुपचूप ओवाळून टाकलात. ती तुमच्या पदराला गुळाचे हात पुसत होती आणि तुम्ही पुसू देत होतात. माझी चाळीस वाक्यं तिथंच वाया गेली. रागानं भरून आलेल्या माणसाला असं करू नये. त्याला तो राग कुठंतरी सांडावा लागतो.

तो जिन्यात सांडला. तो लोखंडी पलंग सविताला आम्ही आंदण दिलेला. तुमचा जिना अरुंद. वर हनुमंतराव, खाली मी, आणि मधे भिंतीला चिकटून दाजी, दोन्ही बाजूंना "सावकाश, सावकाश" करणारे. हनुमंतराव म्हणाले आडवा करू, मी म्हणालो उभा करू, आणि पलंगानं कुणाचंच ऐकलं नाही. तो वळणावर असा रुतला की दाजींना खालीही येता येईना आणि वरही जाता येईना. (माझ्यामागं खालच्या पायऱ्यांवर समर्थ आणि संस्कृतीनं तेवढ्यात एसटी सुरू केली होती. करडू विनातिकीट.) तेव्हा हनुमंतराव वरून म्हणाले, "पाव्हनं, तुमी सोडा. पोरांचा मामा हाय मी, मी घेतो अंगावर."

मी म्हणालो, "मामा मी आहे."

ते म्हणाले, "तुमी हुतात की. न्हाई कोन म्हनतंय?"

माणूस वाईट नाही तुमचा भाऊ. पोरांसाठी चिक्कीचा पुडा आणला होता त्यानं. पण ते 'हुतात' माझ्या अंगठ्याच्या आधी काळजावर पडलं. वर ते आणखी म्हणाले, "फुडल्या म्हयन्यात बारकीचं जावळ हाय आमच्या सोनईला. माझ्या मांडीवरच बसनार हाय ती." तेव्हा माझे दोन्ही हात आपोआप सुटले. पलंग एकच पायरी खाली आला, पण त्या पायरीवर माझा पाय होता आणि भिंतीशी दाजींचा गुडघा.

पहिले केस मामाच्या मांडीवर काढतात, हे मलाही कळतं आणि त्यांनाही. पण ते केस पोरीनं पोटातून आणलेत. सविताच्या पोटातून. घरात दुःख होतं म्हणून वर्षाच्या आत जावळ झालं नाही. मग केस वाढतच गेले, आणि तेल लावून त्यातल्या गाठी मीच सोडवत आलो. सविताचं म्हणून हाताला लागेल असं या जगात तेवढंच राहिलंय. पोरगी झाली तेव्हा ती बाजेवरून मला म्हणाली होती, "अंगद्या, खात जा जरा. एवढ्याशा मांडीवर माझी पोरगी बसायची न्हाई."

म्हणून निघून आलो. घाईत एक चप्पल कुणाची घातली तेही कळलं नाही. तुम्ही वाटीत हळद कालवून रस्त्यापर्यंत धावत आलात, ते मी बघितलं. वळलो नाही. तोंड दाखवण्यासारखं नव्हतं. ओलं होतं.

इकडं आल्यापासून घर फार मोठं झालंय. आई अजून चुकून दुधाच्या दोन वाट्या जास्त काढते आणि मग त्या मला प्याव्या लागतात. आणखी एक नुकसान आहे. (हे दाजींना वाचून दाखवू नये. ते अर्ध्या काष्टीला फोन करतील. माझा एकट्याचाच नंबर ब्लॉक आहे.) ती कॉलेजच्या गेटवरची मुलगी हल्ली तिच्या वडलांच्या किराणा दुकानात बसते. संस्कृतीला कडेवर घेऊन गेलं की ती पोरीला गोळी द्यायची, तिच्याशी बोलायची, आणि बोलता बोलता एखादं वाक्य माझ्या वाट्याला यायचं. समर्थनं तर एकदा तिला सांगून टाकलं होतं की मामा तुमच्या दुकानाकडं तोंड करून जेवतो. परवा एकटाच गेलो. तिनं विचारलं, "संस्कृती न्हाई आली?" मीठ घेऊन आलो. काल परत तेच झालं. घरात आता मीठ इतकं झालंय की आई कैऱ्या शोधतीय.

तर संस्कृतीबद्दल. ती झोपताना कान धरते. स्वतःचा नाही, शेजारच्याचा. कान दिला नाही तर रडून घर डोक्यावर घेते. डावा द्या, उजव्याला तिची नखं नीट बसत नाहीत. केस विंचरताना ट्रॅक्टरचा आवाज काढावा लागतो, नांगराचा नाही, ट्रॉलीचा. समर्थ भीती वाटली की सांगत नाही, फक्त खूप पाणी पितो. त्याला विचारू नका, नुसतं जवळ जाऊन बसा. तुम्हाला हे आपोआप कळलंच असतं, पण तोवर पोरांनी का वाट बघायची?

इथं थांबतो. बारीकसारीक चुका पोटात घाला, मोठ्या दाजी सांगतीलच. मोठ्यांना नमस्कार, पोरांना पापा, करडाला काही नाही.

आपला,
अंगद
(मामा आहे की होता, ते तुम्ही ठरवा)

ता. क. हे पत्र आप्पा घेऊन येतायत. (म्हैस एकटी राहील म्हणाली.) पिशवीत हनुमंतरावांची उजवी चप्पल आहे. त्यांना द्यावी आणि चिक्कीबद्दल माझा नमस्कार सांगावा. माझी पाठवू नका, तूर्त पाय मावत नाही.

पुन्हा ता. क. वर लिहिलंय की मला काही मागायचं नाही. ते वाक्य खोडायला गेलो, पण कागद फाटायला लागला, म्हणून राहू दिलं. मागायचं आहे. जावळाला मला बोलवा. सोनईला येईन, नाहीतर म्हणाल तिथं येईन, भांडणार नाही. पोरगी माझ्या मांडीवर द्या. ती लाथा लई झाडते, तेव्हा पाय धरायला दुसरा मामा लागणारच आहे, तो मान हनुमंतरावांचा.

शेवटचं. मामा म्हणजे आईचा भाऊ. आई आता तुम्ही, भाऊ हनुमंतराव. हे बरोबरच आहे, आणि त्यात मी कुठंच बसत नाही. पुष्कळ विचार केला तेव्हा बसायला एकच जागा सापडली. ती पहिल्या ओळीत मोकळी आहे. वर जाऊन लिहायला हात धजत नाही, म्हणून इथं लिहितो, तुम्ही तिथं वाचा : ताई.

शब्द नवा नाही, एका माणसाचा वापरून झालेला आहे. चालत असेल तर ठेवून घ्या.