दादा, तो वाक्प्रचार ट्रकसाठी होता

प्रिय दादा,

आज नववीच्या वर्गात 'थ्रो गुड मनी आफ्टर बॅड' आला आणि माझा हात फळ्यावरच थांबला. बुडीत गेलेल्या कामात पुन्हा पुन्हा पैसे घालणे, एवढा अर्थ कसाबसा लिहिला. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "टीचर, पण काम बुडीत गेलं हे कळतं कसं?" घरी आले ती तुला लिहायलाच बसले. भांडायचं आहे तुझ्याशी!

खाणी बंद पडल्या तेव्हा आपल्या पाळी गावातल्या कितीतरी जणांनी आपापले ट्रक विकून टाकले. तू विकलास? छे! माल वाहायचा नाही, तरी रोज सकाळी इंजिन सुरू करून ठेवायचास. नवी बॅटरी, नवे टायर, वर दसऱ्याला झेंडूची माळ! वहिनी बोलली की तुझं एकच, "खाणी आज ना फाल्यां सुरू जातल्यो गो."

वैतागून मीच तुला हा वाक्प्रचार ऐकवला. किती हसलास तेव्हा! मग गॅरेजात, नाक्यावर, भेटेल त्याला ऐकवत सुटलास. ट्रक मात्र तसाच उभा.

आणि तुझं दुखणं आलं तेव्हा? डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, आशा आहे. मी पैशांची सोय करून आले होते रे. तू खाटेवर उठून बसलास नि म्हणालास, "बाय, तुवेंच शिकयलां न्हय? आतां माजेर खर्च करूं नाका." वर गळ्याची शपथ घातलीस. मी पैसे तसेच परत नेले.

गंजत्या ट्रकात तुला आशा दिसली आणि स्वतःत नाही? असा कसा रे तू? मला अजून तुझा राग येतो. जेवताना येतो, पेपर तपासताना येतो.

ट्रक शेवटी भंगारात गेला. आलेले पैसे तुझ्या बाराव्याला लागले.

आता वहिनीचं ऐक. तिच्या छातीत दुखतं आणि ती लपवते. परवा दम लागून पायरीवरच बसली. डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाली, "माजेर कित्याक पयशे घालता गो?" माझ्यावर खर्च नको, हे तुझंच बोलणं, दादा!

उद्या वर्गात सांगणार आहे, हा वाक्प्रचार माणसाला लावायचा नाही. आणि सोमवारी वहिनीला इस्पितळात नेणार. रडू दे, हातापाया पडू दे. तुझं ऐकलं. तिचं ऐकणार नाही.

तुझी,
बाय